बेटावरचा नारळ

परवा नारळ फोडला आणि त्या ओल्या वासानं शेजारचे वॉल्टर आठवले. आम्ही अमेरिकेत बेलव्ह्यूला नवीनच राहायला आलो होतो. मी ड्राइव्हवेवर नारळ फोडत होते आणि नव्वदीचे वॉल्टर कुंपणापलीकडून बघत होते. मी पाण्याची वाटी पुढे केली. त्यांनी एक घोट घेतला आणि इकडे येऊन ते आमच्या पायरीवरच बसले.

"दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या एका बेटावर उतरलो होतो," ते म्हणाले. "मागून आमच्या जहाजांच्या तोफा, समोरून गोळ्या. पिंपातल्या प्यायच्या पाण्याला पेट्रोलचा वास. मला पायाला लागलं होतं, उठवत नव्हतं. माझा मित्र जिमी रांगत जाऊन नारळ घेऊन आला, संगिनीनं फोडला आणि आधी मला पाणी पाजलं."

"आणि जिमी?"

"दुसऱ्या दिवशी गेला."

मी वाटी पुन्हा भरली. मग जिमी किती बेसूर गायचा ते सांगताना ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसाला मी उगाच रडवलं. आज वाटतं, त्यांना जिमीबद्दल कुणाशी तरी बोलायचंच होतं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागले. अर्थ न विचारताच ते ओ द्यायचे.