बंगळुरात कापलेला पोलंडचा कोंबडा

पेपरात बातमी जेमतेम चार ओळींची होती. पोलंडच्या एक बाई बंगळुरात दोन दिवस कागद कापायला शिकवणार, आणि वर्गातलं एक काम प्रदर्शनासाठी तिकडे नेणार. नव्वदचं दशक होतं, मी बेळगावात चित्रकलेची शिक्षिका होते. ते काम माझंच असणार, हे मी बसचं तिकीट काढायच्या आधीच ठरवून टाकलं!

सकाळी मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर उतरून ऑटोनं चामराजपेटेत मावशीकडे गेले. अंतर थोडंच, पण मीटर टाकायला सांगा. मावशीचे यजमान, आमचे अण्णा, शिंपी. कैक पिढ्या बंगळुरातच. समोरच्या खोलीत दुकान, मागं घर. आंघोळ करून कोपऱ्यावरचा खरपूस डोसा खाल्ला आणि वर्ग गाठला.

पोलंडच्या त्या बार्बराबाईंनी पहिल्याच तासाला वेड लावलं. त्यांच्या गावाकडे ईस्टरच्या आधी भिंतींना चुना देतात आणि वर रंगीत कागदाचे कोंबडे चिकटवतात. तेही मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्रीनं कापलेले. कागद दुमडायचा, एकदाच कापायचा, उघडला की दोन कोंबडे समोरासमोर! कोणाच्या घरचा कोंबडा, हे दारातूनच कापणाऱ्याच्या हातावरून ओळखतात म्हणे.

संध्याकाळी सरावाला बसले. मावशीची कात्री बोथट, कागद घसरायचा आणि शेपटी फाटायची. अण्णांची मोठी कात्री मागितली.

"कापडाची कात्री कागदाला लावायची नसते गं," अण्णा म्हणाले. "धार जातीय. दुसरं काय पण माग."

मी कागद बाजूला ठेवून जेवायला बसले. सकाळी उठून बघते तर अण्णा जमिनीवर बसलेले, पुढ्यात माझा दुमडलेला कागद आणि हातात तीच कात्री. खडूनं आखून त्यांनी एका दमात कोंबडा कापला. फक्त सवयीनं, शिवणीत दाबायला सोडतात तशी बोटभर माया चहूकडून सोडली होती. कोंबडे असे गुबगुबीत झाले की मला हसू आवरेना. मी ते वहीत ठेवून दिले.

वर्गात बाईंच्या कात्रीनं माझी जोडी सुरेख उतरली. तुरा, पिसं, सगळं जागच्या जागी. बाईंनी मान डोलावली आणि तेवढ्यात वहीतून बाहेर आलेलं टोक ओढलं. बघतच राहिल्या. हा तू कापलास का, त्यांनी विचारलं.

'हो' अगदी जिभेवर आलं होतं. खरं सांगते, आलं होतं. पण म्हटलं, नाही, माझे काका शिंपी आहेत, त्यांचा आहे. मायेचंही सांगितलं. बाई खळखळून हसल्या, मागं अण्णांचं नाव लिहून घेतलं आणि कोंबडे प्रदर्शनासाठी आपल्या फायलीत ठेवले. मला भयंकर हेवा वाटला.

घरी आल्यावर अण्णांना सांगितलं. ते मशीनचं चाक पुसायला लागले.

"आधी सांगायचं नाही काय? इतकी माया सोडलो नसतो की. स्वल्प नीट कापलो असतो."

बंगळूरला गेलात तर चामराजपेटेच्या गल्ल्यांतून पायी फिराच. बेळगावला परतल्यापासून मी शेकड्यांनी कोंबडे कापले, शाळेतल्या मुलींकडून कापून घेतले. माझे सगळे नीटनेटके असतात, बघणारे वाहवा करतात. पण दारातूनच बघून कुणी 'हा हिचा' म्हणावं, असा एकही अजून माझ्या हातून उतरलेला नाही.