कारणाचा रकाना

साठ रिपोर्टांचा गठ्ठा त्याने माझ्या तोंडावर फेकला. फाईलची पत्र्याची क्लिप खालच्या ओठात घुसली. तोंडात रक्ताची चव आली. समोर मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग. 

फेकणारा आमचा विभागप्रमुख. रावपुरा पेठेतल्या जुन्या मराठी घराण्यातला. पणजोबा संस्थानात चिटणीस होते, हे तो महिन्यातून एकदा तरी ऐकवायचा. मी त्याच्या हाताखालची कंत्राटी शिक्षिका. इंजिनिअरिंगच्या पोरांना लिहायला शिकवते. अर्ज, ईमेल, रिपोर्ट, कामाला लागल्यावर लागतं ते सगळं. बाजव्याच्या कारखान्यांच्या वस्तीत वाढलेली, जळगावकडून पोट भरायला आलेल्या महाराची पोर. आडनावावरून त्याला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"तुमच्या लोकांच्या हातात पेन आलं, की आधी तक्रारच लिहिता," तो शुद्ध मराठीत म्हणाला. "लिहिणं आमच्या घरात चार पिढ्यांचं आहे, बाई. ते आम्हाला शिकवू नका."

काय लिहिलं होतं पोरांनी? पाहिलं ते. चार दिवसांपूर्वी वर्कशॉपमध्ये ग्राइंडरचं चाक फुटलं आणि त्याचा तुकडा रमणभाईंच्या डोळ्यात गेला. रमणभाई म्हणजे पोरांना मशीन चालवून दाखवणारे आमचे कामगार. चाकावर लोखंडी झाकण असतं. ते तीन महिने काढून ठेवलं होतं. झाकण असलं की पोरांना काम नीट दिसत नाही, वेळ लागतो, बॅच उरकत नाही. काढायला याच साहेबाने सांगितलं होतं, भर वर्गासमोर.

रमणभाईंना रिक्षात घालायला मी होते. रुमालातून रक्त माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी माझी ओढणी घट्ट धरली आणि गुजरातीत म्हणाले, "बेन, मारो वांक ना लखता." माझी चूक लिहू नका. डोळा फुटलेला माणूस डोळ्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. त्याला कागदाची भीती होती.

म्हणून मी वर्गाला अपघाताचा रिपोर्ट लिहायला दिला. स्वतः पाहिलं तेवढंच लिहा, म्हटलं. एरवी ही पोरं एका फाईलवरून साठ फाईली उतरवतात. त्या दिवशी मी त्यांना लांब लांब बसवलं. कुणी कुणाचं उतरवलं नाही. तरी साठही कागदांत एकच गोष्ट आली. झाकण नव्हतं, आणि ते कुणी काढायला लावलं.

"उद्या चौकशी समिती येतेय," तो म्हणाला. "एकच रिपोर्ट जाईल. तो तुम्ही लिहायचा. कारणाच्या रकान्यात लिहा, कामगाराचा निष्काळजीपणा." खिशातलं पेन काढून त्याने माझ्या मुठीत कोंबलं. माझी बोटं त्यावर दाबली. "कंत्राट चालू राहायला हवं ना? मग लिहा. अक्षर छान आहे तुमचं."

हे मी आधी ऐकलं होतं.

सातवीत होते. बाजव्याच्या एका कारखान्यात वाफेचा पाइप फाटला आणि माझ्या बापाची पाठ शिजली. पाइप आठवडाभर गळत होता, सगळ्यांना माहीत होतं. बाप दवाखान्यात पालथा पडलेला. पाठीची कातडी चादरीला चिकटून निघायची. तिथे एक अधिकारी फॉर्म घेऊन आला. माझं दप्तर बघून म्हणाला, "छोकरीना अक्षर सारा छे, ए ज लखे." पोरीचं अक्षर छान आहे, तीच लिहू दे. बाप त्या हालतीत हसला. "लिही बाय, साहेब सांगतात ते." मी लिहिलं. कारण: कामदारनी बेदरकारी, म्हणजे कामगाराचा निष्काळजीपणा. टपोऱ्या अक्षरात. अर्थ कळत होता मला. तरी लिहिलं, कारण साहेबाने माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं. बापाने खाली अंगठा उठवला. त्यानंतर एकाही ठेकेदाराने त्याला गेटच्या आत घेतलं नाही. मरेपर्यंत तो लोकांना सांगायचा, माझ्या पोरीने साहेबाचा कागद लिहिला होता. मी त्याला कधीच सांगितलं नाही, काय लिहिलं ते.

तीच बोटं आता हा दाबत होता. सांधे कडकडले. मी मूठ सोडवली नाही. तशीच, पेनासकट, त्याच्या छातीत हाणली. तो मागे फळ्यावर आपटला, खाली बसला. चष्मा पडला. मी त्यावर पाय दिला. चुकून नाही, मुद्दाम दिला. काच कचकन फुटली आणि बरं वाटलं. ते पेन त्याच्या डोळ्यात खुपसावं असंही मनात आलं. ते मी लपवणार नाही.

मग फळ्यावर लिहिलं. कारण: झाकण काढलेलं होतं. हुकूम विभागप्रमुखांचा. ओठातलं रक्त हातावर आलं होतं, खडू लाल झाला. पोरांना म्हटलं, "ज्याने पाहिलंय, त्याने आपला रिपोर्ट उचलावा. खाली सही करावी."

"जो सही करेल त्याने नोकरी विसरावी," तो खालूनच ओरडला.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली. जमिनीवरच्या पसाऱ्यातून आपला कागद शोधला, सही केली आणि विचारलं, "मॅडम, तारीख पण नाखुं?"

"टाक," मी म्हटलं.

साठांतल्या सात जणांनी सही केली आणि कागद माझ्या हातात दिले. बाकीचे माझ्या रक्ताकडे न बघता बाहेर गेले. त्यांना मी माफ केलेलं नाही.

दुपारीच मला काढलं. त्याने माझ्यावर मारहाणीची तक्रार केली. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी मारलं म्हणून सांगितलं. जबाब कुणाला लिहू दिला नाही, स्वतःच्या हाताने लिहिला, आणि का मारलं तेही त्यात घातलं.

उद्या अकरा वाजता समिती बसेल. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे, सात रिपोर्ट आणि आठवा माझा घेऊन. दारातून हाकललं तर दारात बसून मोठ्याने वाचेन. बापाच्या कागदावर मी लिहिलेलं मला खोडता येत नाही, ते मी मेल्यावरही तसंच राहील. पण रमणभाईंच्या नावापुढे तो शब्द या हाताने पडणार नाही. लिहवून घ्यायचाच असेल, तर आधी हा हात तोडावा लागेल.