ग्लूमी जिना

नाहूरच्या कुंदाताई राऊळ साठीनंतर हौसेनं इंग्रजी शिकत होत्या. जिन्यातला बल्ब मिणमिणू लागला, तेव्हा त्यांनी सोसायटीकडे इंग्रजीतून तक्रार करायचं ठरवलं. ‘डिम’ हा शब्द त्यांना अगदीच किरकोळ वाटला. डिक्शनरीत अंधुकसाठी ‘ग्लूमी’ सापडला, तोच त्यांनी झोकात लिहिला: तिसरा मजला फार ग्लूमी आहे.

सेक्रेटरी सावंतांना ‘ग्लूमी’ म्हणजे उदास एवढंच ठाऊक होतं. रविवारी सकाळी ते अख्खा हास्यक्लब घेऊन दारात हजर झाले.

“ताई, हात वर करा आणि हसा! हा हा हा!”

“अहो, माणसं कसली आणताय? बल्ब आणा, बल्ब!”

सावंतांनी लगेच स्टुलावर चढून बल्ब बदलला. स्टूल कुंदाताईंनी धरलं होतं, पण त्यांना हसू आवरेना, त्यामुळे वर सावंत गदगदा हलत होते.