पार्सल शिवणाऱ्या शालिकरामचं घरचं पार्सल

शालिकरामसारखा खवट माणूस आमच्या पोस्टाच्या पायरीवर दुसरा नव्हता. मी आत पार्सलच्या खिडकीत, तो बाहेर दाभण, मांजरपाट आणि लाख घेऊन. शिवायच्या आधी प्रत्येकाचं सामान कानाशी धरून हलवायचा. "काडीपेटी? तेजाब? मातीचं तेल?" काही सापडलं की सामान परत. रुखमाबाई आजारी लेकीसाठी स्पिरिटची बाटली घेऊन आली, रडकुंडीला आली, तरी हा ढिम्म. "माह्या पोराचं असतं तरी शिवलं नसतं, बाई."

चौऱ्याहत्तर साली त्याचा पोरगा मुकुंद पुण्याला शिकत होता. त्याला घरून रॉकेलचा पितळी स्टोव्ह पाठवायचा होता. बायकोनं, जिजाबाईनं, तो चिंध्यांत गुंडाळून डब्यात घालून दिला. घरचंच, म्हणून शालिकरामनं हलवलं नाही. सरळ शिवलं, मेणबत्तीवर लाख वितळवून ठसे मारले आणि माझ्याकडे दिलं; मी ते डाकेच्या थैल्यात टाकलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुपारी जिजाबाई भाकर घेऊन आली. कौतुकानं म्हणाली, "पोराले तिथं रेशनकार्ड नाही. तेल कुठून भेटन? मी टाकी काठोकाठ भरून देली."

घास त्याच्या हातातच राहिला. तो धावतच खिडकीशी आला. "साहेब, तो थैला वापस आणा जी! गाडीत डाकेच्या डब्यात माणसं असते. जळतीन ना जी ते!"

"सील लागून थैला स्टेशनवर गेला," मी म्हणालो. "अर्ज दे." या शब्दांची मला आजही लाज वाटते.

त्यानं गजांतून हात घालून माझी बाही धरली. "अर्ज होईपर्यंत गाडी जाईन!"

मग मात्र मी सायकल काढली, त्याला मागे बसवलं. वाटभर त्यानं देवाचं नाव घेतलं नाही. नुसतं "काहून नाही हलवलं मी, काहून नाही हलवलं" चाललं होतं. ते ऐकून मी पायडल आणखी जोरात मारलं.

फलाटावर थैल्यांच्या ढिगावर एक हमाल बसला होता. ओठांत विडी, हातात पेटती काडी. शालिकराम ओरडत त्याच्या अंगावर पडला आणि काडी तळहातानंच विझवली. ढिगातला एक थैला खालून ओला होता, आणि वास नाकात जात होता.

गाडी सुटली ती थैला मागे ठेवून. मी अहवाल लिहायला बसलो आणि पाठवणाऱ्याच्या नावाशी अडलो. पायरीवर बसायची परवानगी जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"थांबले काहून?" पोळलेला हात छातीशी धरून तो म्हणाला. "लिहा जी. रुखमाबाईले सोडलं होतं काय मी?"

मी लिहिलं. आठ दिवसांत त्याची पायरी गेली.

तिथं आता दुसरा बसतो. हात भराभर चालतो त्याचा. विचारत मात्र काही नाही. म्हणून प्रत्येक पार्सल मीच कानाशी धरून हलवतो. रांगेतले लोक हसतात.