दिसणाऱ्या बाजूचं तेल

नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत माझ्या खालच्या मजल्यावर यज्ञेश्वर खांबेटे राहतात. विमा कंपनीतून निवृत्त झाले. अपघात झालेली गाडी बघून चूक कोणाची हे ठरवायचं, ही त्यांची नोकरी. नोकरी संपली, सवय राहिली. दूध नासलं तर गवळी चुकला, फ्यूज उडाला तर वायरमन चुकला, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं तर तिची आई चुकली. माझ्या रोजनिशीत त्यांचं नाव आलं की पुढे बहुधा ‘म्हणाले’ येतं. ‘केलं’ क्वचितच.

माणूस नीटनेटका आहे, पण दिसेल तेवढाच. कोटाच्या आत घालायच्या शर्टाची कॉलर आणि पुढची पट्टी एवढ्यालाच इस्त्री करायची, असा त्यांच्या घरात नियम आहे. दर गणपतीला दिवाणखान्याला रंग लागतो. सरोजिनीचं स्वयंपाकघर मात्र लेकीच्या जन्माआधीच्या रंगात आहे. सरोजिनी म्हणजे त्यांची बायको. लग्नाआधी ती हसायची, असं तिची बहीण सांगते.

आता त्यांची गाडी. साठच्या दशकातली विलायती स्पोर्ट्स कार, हिरवी, उघडी, दोनच माणसांची. पुण्याच्या लष्कर भागातल्या एका विधवेकडून त्यांनी ती स्वस्तात घेतली. त्या बाईला किंमत कळली नाही, हे ते अजून पाहुण्यांना चहाबरोबर सांगतात. गाडी मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. तिची उजवी बाजू भिंतीला लागून आणि डावी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर, त्यामुळे चुलीपाशी उभं राहिलं की गाडी आणि तिचा मालक हे दोन्ही मला बघावे लागतात.

या गाडीला एक खोड होती. पावसाळ्यात तिचे ब्रेक नीट लागत नसत. एरवी ठणठणीत. गेल्या आषाढात टिळक रोडवर भुरभुर पाऊस असताना पुढचा स्कूटरवाला थांबला, खांबेट्यांनी ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरळ उजवीकडे ओढली गेली. दुभाजकावर चाक आपटलं, चाकाच्या सायकलसारख्या तारा वाकल्या. शेजारी सरोजिनी होती. तिच्या कपाळाला टेंगूळ आलं. घरी आल्यावर खांबेट्यांनी फक्त चाक पाहिलं.

संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता. चूक संभाजीची.

संभाजी हा मेकॅनिक. मार्केट यार्डाच्या मागे त्याची शेड आहे. खांबेटे जुन्या गाड्यांच्या एका क्लबाचे सदस्य आहेत, आणि संभाजीचं पोट त्या क्लबावर चालतं. फार हुशार आहे असं नाही. बोलतो मात्र भरपूर. दुसऱ्या दिवशी तो आला, डावं चाक उतरवलं आणि मान हलवत बसला.

“साहेब, डाव्या ब्रेकच्या पॅडला परत तेल लागलंय. उजवं कोरडं आहे. म्हणून गाडी उजवीकडं ओढते.”

“परत म्हणजे? गेल्या महिन्यात तूच तेल अडवणारं सील बदललंस ना?”

“बदललं. सील आत्ताही कोरडंच दिसतंय. कुठून येतंय तेच कळंना.”

“तुला कळत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं.”

“साहेब, विलायती गाडी आहे, पावसात थोडं…”

“विलायतेत पाऊस पडत नाही का रे?”

हे वाक्य बोलून झाल्यावर खांबेट्यांनी वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. दाद हवी होती. मी पोळी उलटली.

त्याच रात्री त्यांनी क्लबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं: ‘संभाजीकडे ब्रेकचे काम देऊ नये. माझी पत्नी थोडक्यात वाचली.’ ज्या पत्नीचं टेंगूळ त्यांनी बघितलं नव्हतं, ती ग्रुपवर कामाला आली. आठवड्याभरात दोघांनी आपल्या अर्धवट उघडलेल्या गाड्या टेम्पोत घालून त्याच्या शेडमधून नेल्या. संभाजी सरोजिनीला फोन करून म्हणाला, “काकू, अजून दोघं गेले की शेडचं भाडं कुठून काढू? साहेबांना सांगा ना काहीतरी.” काहीतरी सांगून ऐकणाऱ्या साहेबांशी तिचं लग्न झालेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात पावसाने जरा उसंत घेतली. मी भाजी फोडणीला टाकत होते. खाली खांबेटे डाव्या पुढच्या चाकापाशी स्टूल घेऊन बसले होते. हातात जुन्या बनियनचा बोळा आणि माझी शिलाईमशीनच्या तेलाची बाटली. दर पावसाळ्यात ते “वहिनी, जरा तेल देता?” म्हणून ती नेतात आणि दिवाळीत मलाच मागायला लावतात. विळी, अडकित्ता, खिडकीच्या बिजागऱ्या, घरातल्या सगळ्या लोखंडाला या दिवसांत तेलाचा हात फिरवायचा, ही आपल्याकडची रीत. मी बाटली दिली होती ती त्यासाठी.

त्यांचा हात चाकाच्या तारांमधून आत गेला होता. आत लोखंडी तबकडी असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटतात आणि चाक थांबतं. ओल्या हवेत एका रात्रीत तिच्यावर तांबूस गंज चढतो आणि तारांमधून तो दिसतो. खांबेटे तो गंज पुसून तबकडीला तेल लावत होते. अगदी प्रेमाने.

मी गॅस बंद केला.

मी लष्करातल्या कॉन्व्हेंटला सायकलवर जायचे. पुण्यात वाढलेल्या कुठल्याही पोरीला सायकलबरोबर पहिली ताकीद मिळायची: तेल चेनला, रिमला नाही. नाहीतर अलका टॉकीजच्या उतारावर कळेल. गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण एवढं पुरेसं होतं. मला मे महिन्यातला वळवाचा पाऊसही आठवला. हीच गाडी निथळत आली होती आणि फाटकात कुत्रं आडवं आल्यावर जागच्या जागी, सरळ थांबली होती. म्हणजे पाण्याचा काही संबंध नव्हता. पावसाळ्यात पाण्याशिवाय आणखी एक गोष्ट त्या गाडीला लागते, ती म्हणजे तिचा मालक.

मी खाली गेले. सरोजिनी मागच्या दारात तांदूळ निवडत होती.

“काय लावताय, भाऊजी?”

“गंज येतो हो, वहिनी. लोक तारांतून बघतात. बरं दिसत नाही.”

“दर वेळी?”

“पावसाळ्यात दर चार दिवसांनी. मेंटेनन्स म्हणतात याला.”

“आणि उजव्या चाकाला?”

ते हसले. मी काही बाळबोध विचारलं असावं. “उजवी बाजू भिंतीकडे असते. कोणाला दिसतेय?”

सरोजिनीचा हात सुपात थांबला.

“सायकलच्या रिमला तुम्ही तेल लावाल का?” मी विचारलं.

“वहिनी, ही सायकल नाही.”

“नाही. सायकलवर तुम्ही एकटे पडला असतात.”

त्यांनी बोळ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, भिंतीकडच्या चाकाकडे पाहिलं. तीस वर्षं अपघातांचे अहवाल लिहिलेला माणूस. त्याला उमगायला वेळ लागला नाही, पण त्याने तोंड उघडलं ते असं: “माझा संशय होताच त्या बाजूला.”

“अहो,” सरोजिनी म्हणाली, “संभाजीला फोन करा.”

फोन केला. संभाजी आला, तबकडी पेट्रोलने पुसली, नवीन पॅड घातले, चक्कर मारून आला. गाडी ओल्या रस्त्यावर सरळ थांबली. तेल कुठून येत होतं ते सरोजिनीने त्याला सांगितलं, कारण तिचा नवरा त्या वेळी हात धुवायला गेला होता आणि बराच वेळ धूत होता. संभाजी नुसता “बरं झालं सापडलं” म्हणाला. मला त्याचाही राग आला. चार शब्द सुनवायचे होते त्याने.

रविवारी क्लबाची पावसाळी फेरी होती. सगळे सदस्य सपत्नीक जाणार. खांबेटे टोपी घालून गाडीत बसले आणि त्यांनी हॉर्न वाजवला. सरोजिनी दारात आली, साधी साडी, पायात घरातल्या चपला.

“अगं, तयार नाहीस? उशीर होतोय.”

“ग्रुपवर लिहा. मग येते.”

“काय लिहू?”

“तेल कोणी लावलं ते.”

“सरोजिनी, हा विषय संपलाय.”

“संभाजीचा नाही संपला.”

वरच्या मजल्यावरच्या कल्याणीने खिडकी उघडली. मी तर होतेच. खांबेट्यांना बघणारं माणूस असलं की काहीतरी करावंच लागतं. त्यांनी मोबाइल काढला, बोटाने टिपत बसले आणि वाचून दाखवलं: “‘तेल घरातून लागले होते.’ झालं?”

“घरातून म्हणजे कोणी?”

“घर म्हणजे आपण.”

“मी नाही लावलं.”

“अगं, भाषेत असं म्हणतात.”

“मग मी आत जाते.” ती वळली.

तिला जाऊ देणं त्यांना परवडणारं नव्हतं. क्लबात सगळ्यांच्या डाव्या सीटवर बायका असणार आणि यांची सीट रिकामी दिसली असती. त्यांनी परत टिपलं. या वेळी वाचून दाखवलं नाही, फोनच तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून सावकाश वाचलं आणि मोठ्याने म्हणाली, म्हणजे मलाही ऐकू आलं: “‘संभाजीच्या कामात दोष नव्हता. तेल मी लावत होतो.’” मग पाठवायचं बटण तिने स्वतःच दाबलं, चपला बदलल्या आणि गाडीत बसली.

नेलेल्या दोन गाड्यांपैकी एक परत आली. दुसऱ्या मालकाने उत्तरही दिलं नाही. तो खांबेट्यांचा मित्र आहे, म्हणजे त्यांच्यासारखाच असणार. पण आणखी कोणी संभाजीला सोडून गेलं नाही, आणि शेड चालू आहे.

माझी बाटली खांबेट्यांनी दुसऱ्याच दिवशी, दिवाळीची वाट न बघता, परत केली. रिकामी. आता तबकडीवर गंज येतो आणि राहतो. ब्रेक दोनदा दाबला की तो आपोआप निघतो, हे संभाजीने त्यांना समजावून सांगितलंय. तरी शेडमध्ये गाडी उभी केली की ते सरोजिनीच्या एका जुन्या साडीचा तुकडा चाकावर नीट खोचून ठेवतात. फक्त डाव्या.