मामांनी काढलेला शेवटचा दात

दुसऱ्यांच्या तोंडात आमच्या आईच्या मामेभावाइतकं लक्ष घालणारा माणूस अख्ख्या औरंगाबादेत झाला नसेल. मामा कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा गल्लीतल्या पोरांच्या दातांत. कुणाचा कोणता दुधाचा दात कधी पडला, पक्का कधी आला, सगळं तोंडपाठ. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनचा विषय निघाला तरी ते म्हणायचे, “तवा तुझ्या ताईचा खालचा दात हलत होता.” दाताला दोरा बांधून ते पोराला मनमाडकडची स्टेशनं म्हणायला लावत, आणि लासूर येईतो दात त्यांच्या हातात असे. त्यामुळे आमच्या गल्लीत एकाही पोराला लासूरच्या पुढची स्टेशनं आली नाहीत. दात मग मामा स्वतः माळवदावर फेकत आणि पोराच्या हातावर गूळ ठेवत.

मी आठ वर्षांचा असताना वडिलांची सायकल न विचारता नेली आणि गुलमंडीवर तोंडावर आपटलो. वरचा पुढचा दात लटकू लागला. माराच्या भीतीनं मी घरी न जाता मामांकडे गेलो आणि दात आपोआप हलतोय म्हणून सांगितलं. मामा घुटमळले. “हा तर मागल्या साली पडला नं रे? मीच फेकला होता.” तो याच्या शेजारचा दात, असं मी छातीठोकपणे सांगितलं. त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं आणि स्वतःशीच म्हणाले, “लेकरू दातापायी कशाला खोटं बोलंल?”

त्या दिवशी रक्त थांबता थांबेना. पुढे रोज कचेरीत जाताना मामा माझं तोंड उघडून बघायचे आणि येईल, जरा उशिरा येईल, असं आईला सांगायचे. सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं की निघाला तोच पक्का दात होता, आता तिथं काही यायचं नाही. आई मामांना एका शब्दानं बोलली नाही. पण त्यांनी पुन्हा कुणाच्या दाताला हात लावला नाही. पोरं हलता दात घेऊन दारात उभी राहायची आणि मामा पेपर तोंडासमोर धरून बसायचे. मला एक वाक्य बोलायचं होतं. आधी वडिलांची भीती होती. वडील गेल्यावर लाज होती. त्याची खंत अजून जात नाही.

माझ्या मुलीचा पहिला दात हलू लागला तेव्हा आज सांगायचंच असं ठरवून मी तिला मामांकडे नेलं. तिनं आपणहून तोंड उघडलं. मामांनी मान फिरवली.

“डॉक्टरला दाखव बाबा. माझी याददाश्त तवाच दगा देऊन गेली.”

त्यांची याददाश्त बिनचूक होती, एवढंच सांगायला मी गेलो होतो. बसवलेल्या दातानं मी नुसता हसलो आणि मुलीच्या चपला शोधू लागलो.