क्षेपणास्त्रांशिवायचं जेट

आई बँकेत, आणि तिच्या युनियनची मोर्च्यांची, युद्धविरोधाची पत्रकं वाचतच मी वाचायला शिकले. त्यामुळे खिदिरपूर बंदरात नोकरी करणाऱ्या बाबांनी रिमोटवर उडणाऱ्या लढाऊ जेटचं किट आणलं, तेव्हा पंखांखाली लावायची प्लास्टिकची क्षेपणास्त्रं पाहून मी गोंद खाली ठेवला.

“ही लावणार असाल तर मी मदत करणार नाही.”

“अगं, खेळण्यातली आहेत!”

“युद्धाची सवय खेळण्यांपासूनच लागते, बाबा.”

“झाली हिची सभा सुरू,” आई म्हणाली.

जोडणी एकट्याला जमणारी नव्हती, म्हणून बाबांनी माघार घेतली. पूर्ण झालेलं विमान आम्ही दोघांनी पंखांखाली बोटं देऊन उचललं, तर शेपूट खाली गेलं. मागे टर्बाइन इंजिनाचं वजन होतं आणि पुढचा तोल पंखांच्या पुढे येणारी ती क्षेपणास्त्रं सांभाळणार होती.

“असंच उडवलं तर आपटेल,” बाबा खुशीत म्हणाले. “आता बोला!”

मी वाटून उरलेली माझी युद्धविरोधी पत्रकं आणली, घट्ट गुंडाळून विमानाच्या नाकात कोंबली. पुन्हा बोटांवर धरलं. या वेळी ते सरळ राहिलं.

रविवारी बराकपूरच्या पुढे एका मोकळ्या मैदानात, रॉकेलचा वास सोडत, कर्कश शीळ घालत ते उडालं. फुटबॉल खेळणारे थांबले, चहावाला किटली हातात घेऊन बाहेर आला.

“बघ,” आई म्हणाली, “रस्त्यात तुझं पत्रक कुणी हातात घेत नाही. आज सगळे मान वर करून बघतायत.”

“गप्प बसा गं दोघी,” बाबा ओरडले, “मला उतरवू द्या!”